उच्चार शिकावेत की ऐकावेत?

गांधीजी १८८८ साली इंग्लंडला गेले तेव्हा ‘सभ्य’ दिसण्याच्या हौसेपायी त्यांनी नाच आणि व्हायोलिनबरोबर वक्तृत्वाचीही शिकवणी लावली. आरंभीची फी एक गिनी; पाठ्यपुस्तक बेल यांचे ‘स्टँडर्ड एलोक्युशनिस्ट’. दोन-तीन धड्यांनंतर त्यांनी नाद सोडला, ही हकीकत आत्मचरित्रात आहे. (पुस्तकाचे एक कर्ते अलेक्झांडर मेलव्हिल बेल हे टेलिफोनच्या जनकाचे वडील. कॉल सेंटरसाठी उच्चार ‘सुधारून’ देणाऱ्यांना हे नाते आवडावे!) पुढे १९३१ साली लंडनमध्येच कोलंबिया कंपनीने त्यांचे इंग्रजी बोलणे ध्वनिमुद्रित केले. आंतरजालावर ते आजही ऐकता येते. हेल हिंदुस्थानी आहे, आणि अर्थ कुठेही अडत नाही.

सेवाग्राम हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या वर्गात आर्वी-आष्टीकडची मुले तोंड उघडत नाहीत. शेक्सपिअरवर ती सुरेख उत्तर लिहितात. दोन ओळी मोठ्याने वाचा म्हटले की मान खाली. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांना त्यांच्यापाशी एकच ‘व’ असतो, हे खरे. परंतु ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ केल्याबद्दल ती मराठीतच आधी हसण्यावारी गेलेली असतात. इंग्रजीची निम्मी भीती तिथली आहे, असे आमचे मत.

म्हणून उच्चारांची संकेतस्थळे अनुकरणासाठी सुचवणे आम्हांस पटत नाही. पॉल मायर यांनी १९९८ साली सुरू केलेला ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह’ मुख्यत्वे नटांसाठी आहे. नट प्रयोगानंतर तो हेल रंगासारखा पुसून टाकतो. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ‘स्पीच अ‍ॅक्सेंट अर्काइव्ह’मध्ये जगभरची माणसे ६९ शब्दांचा एकच परिच्छेद वाचतात. सोबत ध्वनिलेखनही मिळते, त्यामुळे भाषाविज्ञानाच्या तासाला त्याचा मोठा उपयोग. मात्र परिच्छेद वाचणारा माणूस जपून वाचतो. मायर यांच्या संग्रहात वाचनानंतर मोकळे बोलणेही असते, वर्गात आम्ही तेच आधी लावतो. स्कॉटलंडचा, नायजेरियाचा, अमेरिकेच्या दक्षिणेचा आवाज लागोपाठ ऐकल्यावर ‘मग बरोबर कोण?’ असा प्रश्न आपोआप येतो.

त्यानंतर डेक्कन कॉलेजच्या मराठी बोली-सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरील वऱ्हाडी बोलणे लावावे. मुले प्रथम हसतात. मग कुणीतरी म्हणते, आमची आजी असंच बोलते. त्या तासाला वाचायला उठणाऱ्यांची संख्या थोडी वाढते, फार नाही.