घर सापडले; रहिवासी कोठे?

मंगळावर जीव सापडल्याची आवई अधूनमधून उठते. अशा वेळी तेथील यंत्रे नेमके काय सांगतात, ते शांतपणे ऐकणे बरे. १९७६ साली व्हायकिंग यानांनी थेट जीवाचाच शोध घेतला. एका प्रयोगाने होकार दिला. परंतु त्याच मातीत सेंद्रिय द्रव्यांचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही आणि वाद तेवढा उरला. आधी घर पाहावे, मग रहिवासी शोधावा, हा धडा त्यातून मिळाला. २०१३ साली ‘क्युरिऑसिटी’ या फिरत्या यानाने गेल विवरातील खडक सुमारे ६ सेंटिमीटर छेदून त्याची पूड स्वतःच्याच पोटातील प्रयोगशाळेत तपासली. चिकणमातीची खनिजे, कार्बन, गंधक, फॉस्फरस आढळले. एके काळी तेथे जीवाला मानवेल असे सौम्य पाणी होते, हे सिद्ध झाले.

आता प्रश्न रहिवाशाचा. २०२४ साली ‘पर्सिव्हिअरन्स’ने जेझेरो विवरातील एका ठिपकेदार खडकाचा नमुना कुपीत भरला. ते ठिपके सूक्ष्मजीवांमुळे पडले असतील किंवा निव्वळ रसायनक्रियेने, असे शास्त्रज्ञांनी २०२५ साली संयमाने नमूद केले. निवाडा पृथ्वीवरील प्रयोगशाळाच करू शकतील. परंतु खर्चाचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेल्याने नमुने आणण्याची मूळ योजना २०२४ पासूनच रखडली. काटकसर आम्हांसही मान्य आहे. पण पंचनामा करून मुद्देमाल जागेवरच टाकून येणे, याला काटकसर म्हणत नाहीत.