आधी दिवे बघा, बॉस!

ऑफिसात पीसी सुरू झाला नाही की आपण आयटीवाल्याला फोन लावतो आणि चहाला सटकतो. रास्पबेरी पाय घरी आणलात तर आयटीवाले तुम्हीच! पत्त्यांच्या कॅटएवढा हा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला, किंमत ३५ डॉलर. नंतर तो इंजिनीअरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टपासून द्राक्षबागेपर्यंत कुठेही घुसला. चालतो तेव्हा एकदम कूल. रुसला की मात्र ना बीप, ना एरर, ना निळी स्क्रीन. मग आपली मंडळी काय करतात? थेट कार्ड फॉरमॅट. अरे, थांबा ना!

त्याचं हे मौन समजायला त्याची सकाळ कशी उजाडते ते बघा. पायमध्ये आधी मुख्य प्रोसेसर नाही, ग्राफिक्सचा भाग जागा होतो. तो मेमरी कार्डावरच्या ठरावीक फाइल्स वाचतो आणि मग मोठ्या भावाला उठवतो. पाय ३ पर्यंतच्या मॉडेल्सना कार्ड वाचता आलं नाही तर स्क्रीन काळी ती काळीच. पाय ४ पासून बोर्डावर वेगळी चिप आली, त्यामुळे तो निदान दोन शब्द लिहून दाखवतो. अर्थात टीव्हीची वायर योग्य भोकात असेल तर. पाय ४ ला दोन भोकं असतात, पॉवरच्या शेजारचं पहिलं ते आपलं.

पण खरी बातमी दिव्यांत असते. लाल दिवा म्हणजे वीज, हिरवा म्हणजे कार्डाशी चाललेली बोलाचाली. लाल विझत-पेटत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका, बोर्डाला वीज पुरत नाहीये. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो. लाल स्थिर आणि हिरवा ढिम्म, तर कार्डाकडे वळा. हिरवा मोजून चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फाइल सापडत नाही, सात वेळा लुकलुकला तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सापडत नाही. (पाय ५ मध्ये एकच दिवा रंग बदलतो, त्याचा हिशेब वेगळा.)

आता निफाडच्या मामाची गोष्ट. निफाडची थंडी तुम्हाला पेपरातून माहीत असेलच. पारा चार-पाच अंशांवर आला की गोडी भरत आलेल्या द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. मामाने त्यासाठी पाय ४ बसवलाय. बागेतलं तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवायचं आणि पारा उतरला की भोंगा वाजवायचा, एवढंच काम. एका जानेवारीत दिवसभर वीज येत-जात राहिली आणि संध्याकाळी फोन आला.

“अगं, तुमचा तो डबा मेला.”

“मामा, लाल दिवा आहे का?”

“आहे, पण डोळे मिचकावतोय.”

चौकशीत कळलं, पायचा मूळ अॅडाप्टर धाकट्याने मोबाइलला पळवलेला. त्याच्या जागी जुना मोबाइल चार्जर आणि तीन मीटरची बारीक वायर! पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अॅम्पिअरचा पुरवठा लागतो. जुने चार्जर बहुधा एक-दोन अॅम्पिअरचे, त्यात लांब वायरीत व्होल्टेज आणखी गळतं. मोबाइलला चालतं, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. पायच्या पोटात काहीच नाही.

अॅडाप्टर परत आला, लाल दिवा स्थिर झाला. भोंगा मात्र गप्पच. मामाने टीव्ही जोडला. “ओळी पळतात आणि शेवटी पॅनिक लिहून येतं. म्हणजे आता मी घाबरायचं का?” नाही हो मामा, घाबरलाय तो! कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल्सची घडी विस्कटते. मग सिस्टिमला स्वतःचंच घर सापडत नाही.

खरा धोका यापुढे होता. धाकट्याने कार्ड काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावलं आणि लगेच खिडकी उघडली: डिस्क फॉरमॅट करायची का? ही खिडकी चांगल्या कार्डालाही येते. कारण पायच्या कार्डाचे दोन भाग असतात. छोटा विंडोजला वाचता येतो, मोठा लिनक्सचा असतो. तो कळत नाही म्हणून विंडोज पुसायला निघतं. त्या मोठ्या भागात दोन हिवाळ्यांच्या नोंदी होत्या, कुठल्या रात्री किती वाजता पारा किती उतरला त्या. दुसरी प्रत कुठेच नाही. मी फोनवर “नाही दाब, नाही दाब” असं इतक्या जोरात ओरडले की आमच्या शेजारच्या काकू बाहेर आल्या.

त्या रात्री मामाने साधा थर्मामीटर आणि टॉर्च घेऊन बागेत जागरण केलं. सकाळी मी लिनक्सचा लॅपटॉप घेऊन निफाडला गेले. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली. दुरुस्ती त्या प्रतीवर केली, मूळ कार्डाला हात लावला नाही. लिनक्समध्ये ‘एफएससीके’ नावाची तपासणी असते, तिने विस्कटलेली घडी बसवली. शेवटच्या संध्याकाळच्या काही नोंदी गेल्या, बाकी सगळ्या सापडल्या. नव्या कार्डावर ती प्रत चढवली आणि दुपारी भोंगा वाजवून बघितला. मामी केवढ्यांदा दचकली!

आता सिस्टिमचं कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय, नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर जातात. मध्ये एक छोटा यूपीएस आहे. आणि अॅडाप्टरवर मामाने पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेनने लिहिलंय: ‘मोबाइलला लावणाऱ्याने पहाटे शेकोटीला यावे.’