वार्षिकांक कोणाचा?

अँटॉप हिल परिसरात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, तशा कोकरी आगर, संगमनगर येथील दाट वस्त्याही आहेत. या भागातील मुले आमच्या वर्गांत असतात. वार्षिकांकाच्या मराठी विभागात मात्र पाऊस, आई आणि पाठ्यपुस्तकातले खेडेच आढळते. यावर उपाय म्हणून संपादक मंडळात सर्व समाजगटांतील विद्यार्थी घेतले जातात. ते योग्यच, परंतु मजकुरावर अखेरचा हात प्राध्यापकाचा फिरतो, याचा विचार होत नाही.

हा दोष प्रस्तुत लेखकाकडूनही घडला आहे. पहाटेच्या नळाविषयी लिहिताना एका विद्यार्थिनीने 'नंबराला हंडा लावला' असे म्हटले होते. मी त्याचे 'रांगेत उभी राहिले' असे केले. अंक हाती आल्यावर ती म्हणाली, "सर, रांगेत आम्ही नसतो. हंडा असतो." मी भाषा नव्हे, वस्तुस्थितीच बदलली होती.

तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६७ साली 'अस्मिता' निघाले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. दलित लेखकांना तेथे जागा मिळाली, एवढेच त्याचे महत्त्व नव्हे. कोणता अनुभव आणि कोणती भाषा छापण्याजोगी, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला. महाविद्यालयीन अंकांनी नेमका हाच भाग उचलला नाही.

तेव्हा दुरुस्त प्रत छपाईपूर्वी लिहिणाऱ्याला दाखवावी आणि दुरुस्ती नाकारण्याचा हक्क त्याला असावा, असे मला वाटते. प्रमाणलेखनाचा आक्षेप येईल. ऱ्हस्वदीर्घ आपण जरूर तपासावे; हंडा कोठे ठेवायचा, हे तिला विचारावे.