माळ्यावरचा स्पेक्ट्रम

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात एखाद्या मराठी घराच्या माळ्यावरून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा जुना संगणक विकायला निघाला, तर घेणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. फक्त हाताला लागेल तो अ‍ॅडॅप्टर जोडून ‘चालतो का बघू’ म्हणू नये. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १९८२ साली ब्रिटनमध्ये आला आणि ऐंशीचे दशक सरता सरता पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची प्लस आवृत्ती परवाना घेऊन भारतात आणली. मेमरी ४८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही तिच्यात मावायचा नाही. पण चालू करताच समोर बेसिक भाषा उभी राहते, आणि शिकणाऱ्या मुलासाठी याहून सरळ दार दुसरे नाही. या संगणकाला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचे मधले टोक ऋण असते. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे. शिवाय मेमरीच्या जुन्या ४११६ चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज हवे असतात, त्यातले एक बिघडले की चिपा जातात. सुकलेले कपॅसिटर आणि कीबोर्डचा तडकलेला पडदा बदलता येतो, त्यासाठी सौदा मोडू नये. फेरांटीने सिंक्लेअरसाठी बनवलेली यूएलए चिप मात्र गेली असेल, तर भाव निम्म्यावर आणावा. प्रोग्रॅमच्या कॅसेट हरवल्या म्हणून अडत नाही: प्रोग्रॅमचा आवाज मोबाइलच्या हेडफोन-छिद्रातून वायरने दिला, तरी तो ऐकून घेतो.

काचेच्या कपाटात ठेवायला घेणार असाल, तर नका घेऊ.