शेडचा हिशेब जमिनीखालून करा

दिवाळी झाली, पाऊस सरला की गावोगावी बांधकामं निघतात. घर बांधून झालेल्या कुटुंबाचं पुढचं काम असतं ते घराशेजारी मोठी पत्र्याची शेड उभी करण्याचं. ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आलं, मुलाने गाडी घेतली. पंचवीस-तीस लाखांचा हा ऐवज उन्हापावसात ठेवणं परवडत नाही. म्हणून तीस बाय चाळीसची शेड ठरते, फॅब्रिकेटरला फोन जातो आणि पहिला प्रश्न विचारला जातो, ‘चौरस फुटाला काय दर?’

माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे. चौरस फुटाच्या एका आकड्यात किती किलो लोखंड आहे, पत्रा किती जाड आहे, खड्डा किती खोल आहे, यातलं काहीच कळत नाही. स्वस्त सांगणारा माणूस या तीनपैकी कशात तरी कमी करतो, आणि ते उमगतं वळवाच्या वाऱ्यात. तोवर पैसे देऊन झालेले असतात. घर बांधताना आपण बाराच्या सळीवर आणि दहाच्या सळीवर तास तास वाद घालतो. शेडच्या बाबतीत मात्र पत्र्याचा रंग निवडून मोकळे होतो. शेड म्हणजे तात्पुरतं काम, ही समजूत आधी टाकली पाहिजे. बाराशे चौरस फुटांचं छप्पर हे पक्कं बांधकाम आहे.

सुरुवात कशाची करायची? आत ठेवायच्या वस्तूंची. घराच्या अंगणात दोऱ्या आणि चुना घेऊन प्रत्येक यंत्र आखा. सहा-सात फुटी रोटाव्हेटर मागे लावलेला ट्रॅक्टर दहा फुटी दारातून जातो खरा, पण रोज संध्याकाळी, थकलेल्या हाताने, अंधारात जाईलच असं नाही. दार बारा फूट ठेवा. उंची ठरवताना रोलिंग शटरचा रूळ वरचा फूट-दीड फूट खातो, हे लक्षात असू द्या. बारा फूट उंचीची शेड केली आणि शटर बसल्यावर साडेदहा फूट उरले, तर उसाची भरलेली ट्रॉली बाहेरच राहते. हार्वेस्टर घेण्याचा विचार असेल तर उंची आत्ताच चौदा-पंधरा फूट घ्या. उंची नंतर वाढवता येत नाही, लांबी येते. समोर ट्रॉलीसकट मागे घ्यायला शेडच्या लांबीएवढी मोकळी जागा हवी. ती नसेल तर शेडची दिशा बदला.

मग कागद. गावठाणात महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे बांधकामाला परवानगी लागते. शहरांच्या आणि प्रादेशिक योजनांच्या हद्दीत, मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडली तर, डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातली समासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, पत्र्याच्या शेडलाही चुकत नाहीत. शेतजमिनीवर शेतीच्या अवजारांची शेड आणि बिगरशेती प्लॉटवरचं गॅरेज यांचे नियम वेगळे आहेत. सातबारा घेऊन तलाठ्याकडे एक चक्कर टाकली तर पुढचा मनस्ताप वाचतो. पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार असेल तर भांडण पहिल्या पावसातच सुरू होतं.

आणि वर बघा. डोक्यावरून वीजवाहिनी जात असेल तर सुरक्षा नियमांप्रमाणे साध्या घरगुती दाबाच्या तारेपासून छप्पर निदान अडीच मीटर खाली आणि 1.2 मीटर बाजूला हवं. 11 केव्हीच्या लाइनखाली उभं अंतर 3.7 मीटर. ही मापं उन्हाळ्यात तार सगळ्यात जास्त लोंबते तेव्हाची धरायची. लोखंडी सांगाडा उभा करताना, हातात वीस फुटी पाइप धरलेला मजूर तारेखाली उभा असतो. जागा बदलता येत नसेल तर आधी महावितरणकडे लाइन हलवण्याचा अर्ज करा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

आता पैशांकडे. मी मुद्दाम रुपयांऐवजी मापं आणि वजनं सांगतो, कारण भाव तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. तीस बाय चाळीसची, एक तीस फुटी बाजू उघडी असलेली शेड घेऊ. जोतं फूटभर उचलायचं तर दबून बसलेला मुरूम बारा ब्रास लागतो, म्हणजे आणायचा पंधरा-सोळा ब्रास. तो सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून बसवायचा. एकदम ओतलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खचतो आणि वरचा कोबा तडकतो. भरलेल्या ट्रॉलीसाठी कोबा पाच इंच धरा, जाळी टाकून. बाराशे चौरस फुटांना तो सुमारे चौदा घनमीटर होतो, आणि एम-20 चं काँक्रीट म्हटलं तर सव्वाशेच्या आत-बाहेर सिमेंटच्या गोण्या. फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये यातलं काहीही नसतं. लोक शेडसाठी कर्ज काढतात आणि जमिनीसाठी सोसायटीचे उरलेले पैसे शोधत बसतात, ते इथेच.

लोखंड हलक्या शेडला चौरस फुटामागे साधारण तीन किलो धरलं तरी छत्तीसशे किलो. छताचा पत्रा तीस बाय चाळीस कधीच नसतो. वळचणीला दोन-दोन फूट बाहेर, उतार, आणि पत्र्यावर पत्रा चढतो ती घट धरून साडेपंधराशे चौरस फूट होतो. तीन बाजू झाकायच्या तर बारा फूट उंचीला 1,320 चौरस फूट पत्रा आणखी. छताएवढाच खर्च बाजूंना येतो हे बहुतेकांना काम अर्धं झाल्यावर कळतं. खालचे तीन फूट ब्लॉकचं बांधकाम केलं तर पत्राही वाचतो आणि ट्रॉलीचा धक्काही भिंत सोसते.

पत्र्याची जाडी विचारताना रंगासकट जाडी आणि रंगाच्या आतल्या लोखंडाची जाडी, ही दोन वेगळी मापं आहेत, हे ठाऊक हवं. दुकानदार अर्धा मिलिमीटर म्हणतो ते बहुधा रंग आणि लेप धरून. आतलं लोखंड 0.42 ते 0.45 निघतं. कोटेशनवर या आतल्या लोखंडाची जाडी, म्हणजे ‘बीएमटी’, लिहून घ्या आणि माल उतरताना मायक्रोमीटर लावा. कोकणात खाऱ्या हवेत, किंवा शेडमध्ये खताची पोती आणि जनावरं असतील तर सगळीकडेच, लेपाचं वजनही बघायला हवं; ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचा चौरस मीटरला दीडशे ग्रॅमचा पत्रा मागा.

पण या सगळ्याहून मला बोलायचंय ते वाऱ्याबद्दल. घराचं छप्पर खाली दाबलं जातं, म्हणून आपल्याला वाटतं की खांबांनी फक्त वजन पेलायचं. पत्र्याच्या शेडचं उलट आहे. वादळात तिला खालून वर उचललं जातं. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिलेला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मुंबई आणि नागपूरसाठी 44 मीटर, म्हणजे ताशी 158. ताशी 140 च्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे 93 किलो पडतो. आपल्या शेडचं छत 111 चौरस मीटर. गुणाकार केला की दहा टनांचा आकडा येतो. आणि शेडचं स्वतःचं वजन किती? लोखंड आणि छताचा पत्रा मिळून चार-साडेचार टन. समोरची बाजू उघडी असली की वारा आत शिरून छत खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा ते ओढतो. छत्री उलटी होते तसंच. शेड घरांच्या आडोशाला असेल तर हा आकडा कमी होतो, माळावर असेल तर वाढतो, आणि नेमकं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने मांडायचं असतं. पण शेड जागेवर धरून ठेवते ती जमिनीखालच्या काँक्रीटच्या वजनाने, हे समजायला एवढा गुणाकार पुरे.

दहा-दहा फुटांवर पाच कैच्या म्हणजे दहा खांब. प्रत्येकाच्या वाट्याला टनभर ओढ आली, तर तेवढ्या वजनाचं काँक्रीट अडीच फूट लांब, अडीच रुंद, अडीच खोल खड्ड्यात बसतं. गावात सर्रास काय होतं? पहारीने दीड फुटी खड्डा, त्यात पाइप उभा, भोवती दोन घमेली माल. त्या खांबात उभं राहण्याची ताकद असते, धरून ठेवण्याची नसते. भारी काळ्या जमिनीत तर आणखी वाईट, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली गेलाच पाहिजे. काँक्रीटमध्ये जे-बोल्ट, त्यावर बेसप्लेट, आणि बेसप्लेट कोब्याच्या वर सहा इंच. खांब कोब्यात गाडला की पाणी बुडाशी साचतं आणि गंज तिथूनच चढतो.

खांबांमधले तिरके ताण आणि पत्र्याचे स्क्रू, या दोन जागी पैसे वाचवू नका. कडेला आणि कोपऱ्यांत वारा सगळ्यात जास्त ओढतो. तिथे पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे लोखंडी वासे, जवळ आणि स्क्रू दुप्पट हवेत, रबरी वॉशरसकट. सगळ्या शेडमध्ये या कामाचा खर्च इतका थोडा असतो की तो टाळणाऱ्या कारागिराला मी कामच देणार नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं. रायगड आणि रत्नागिरीत हजारो घरांचे पत्रे उडाले, आणि ऐन पावसाच्या तोंडावर नवे पत्रे मिळवताना लोकांची वणवण झाली. पण त्यासाठी चक्रीवादळच लागतं असं नाही. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूर-सांगलीकडे एप्रिल-मेच्या वळवात दरवर्षी हेच होतं. उडालेला पत्रा कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही. आणि तो उडू नये म्हणून वर दगड ठेवायची आपली रीत तर त्याहून घातक. पत्र्याबरोबर दगडही खाली येतो. म्हणून ही बाब मालकाच्या खिशापुरती राहत नाही, शेजारच्या ओट्यावर झोपलेल्या मुलाशी तिचा संबंध आहे. ग्रामपंचायतीने नमुना आठला शेडची नोंद घेऊन घरपट्टी लावताना पायाचं रेखाचित्र मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक कागद मागायला निधी लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. वीज घेताना सांगाड्याला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओल्या हाताने लोखंडी खांब धरणारी माणसं तिथे वावरणार आहेत. विदर्भात छताला पंखी व्हेंटिलेटर आणि आतून उष्णतारोधक थर लावा, काही पत्रे पारदर्शक घ्या. पन्हाळ लावून पाणी टाकीत घेतलं, तर वर्षाला 600 मिलिमीटर पावसाच्या गावातही या छतावरून पन्नास हजार लिटरांहून जास्त पाणी हाती लागतं. फवारणीला आणि जनावरांना ते उपयोगी पडतं; पन्हाळीचा खर्च मी कधीच जादा मानत नाही.

माझ्या अंदाजाने शंभर रुपयांतले पंचवीस जमीन, पाया आणि कोब्यासाठी, चाळीस-पंचेचाळीस सांगाड्यासाठी, वीस ते पंचवीस पत्र्यासाठी धरावेत. उरलेले शटर, पन्हाळ, विजेसाठी. त्यावर पंधरा रुपये वेगळे बाजूला. स्टीलवरचा 18 टक्के जीएसटी कोटेशनमध्ये ‘वेगळा’ असं बारीक लिहिलेलं असतं; आठ लाखांवर तो 1 लाख 44 हजार होतो. आणि भाव किती दिवस धरून ठेवणार, तेही लिहून घ्या. 2022 च्या उन्हाळ्यात स्टील इतकं चढलं होतं की मे महिन्यात केंद्र सरकारला निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावावं लागलं. नोव्हेंबरात ते काढलं. त्या काही महिन्यांत ज्यांनी तोंडी व्यवहार केले, त्यांची कामं अर्ध्यावर थांबली.

पैसे कमी पडत असतील तर शेड लहान करा, पातळ करू नका. पाया दहा खांबांचा आत्ता घाला आणि सांगाडा सहा खांबांचा उभारा. उरलेले दोन गाळे पुढच्या हंगामात ऊस गेल्यावर जोडता येतात. बाजूचे पत्रेही नंतर लागतील, मात्र तोवर वारा आतून किती ढकलेल याचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या.

यंदा शेड काढणार असाल तर पाया डिसेंबरात भरा, काँक्रीटला पाणी पिऊ द्या आणि मार्चअखेर शेवटचा स्क्रू बसवा. फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर चार गोष्टी सहीनिशी घ्या: लोखंडाचं एकूण वजन, पत्र्याची बीएमटी, खड्ड्याचं माप आणि भाव किती दिवस लागू. यातली एकही लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला काम देऊ नका.