मागे काय भरले आहे?

जीपगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिची ताकद उभी राहते. चिखल असो, ओढा असो, घाटातला खडा चढ असो, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की ती निघालीच! परंतु या ताकदीनेच आपला एक मोठा गैरसमज करून दिला आहे. जी गाडी कुठेही चढते तिच्यात काहीही आणि कसेही भरावे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः चारही चाकांचा तो जोर गाडी पुढे नेण्यासाठी असतो. ती एकाएकी थांबवायची वेळ आली की त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि सामानाची खरी परीक्षा गाडी थांबते तेव्हाच होते.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून महाविद्यालयांची शिबिरे खेड्यापाड्यांत भरत आली आहेत. शिबिराचे सामान बहुधा अशाच गाडीतून जाते: पातेली, धान्याची पोती, सतरंज्या, फावडी, टिकाव, गॅसची टाकी. आणि त्या सामानावर, टिकावांच्या दांड्यांना धरून, बसलेले असतात आपलेच चार-सहा मित्र. तेव्हा हा प्रश्न केवळ ड्रायव्हरचा आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली, तर आतली न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडलेल्या वस्तूचा वेग. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. लोखंडासह तिचे वजन ३० किलोच्या आसपास जाते. अशी टाकी चौथ्या मजल्यावरून येत असताना खाली कोण उभा राहील? पण गाडीत आपण तिच्याकडे पाठ करून निर्धास्त बसतो.

धडकच व्हावी लागते असेही नाही. युरोपातील मालबांधणीच्या मानकानुसार रस्त्यावरचा माल पुढच्या बाजूला त्याच्या वजनाच्या ८० टक्के, तर बाजूंना आणि मागे ५० टक्के जोर सोसेल असा रोखावा लागतो. म्हणजे १०० किलोच्या पोत्यांना नुसत्या करकचून ब्रेकसाठी ८० किलोंचा अटकाव हवा. तो काही सतरंजीची घडी देणार नाही.

आपल्या शेतकऱ्याला यातले बरेचसे पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. म्हणून भार आसाच्या बेताने भरायचा. जीपही उलाळ होते. मागच्या आसाच्या पलीकडे वजन लोंबले की पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून जड वस्तू तळाशी, पुढच्या बाकाच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. हलक्या वस्तू वर. टपावर जड सामान चढवले की गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटाच्या वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. दोर गाडीच्या पक्क्या कड्यांतून ओवावा, दाराच्या मुठीला किंवा बाकाच्या पत्र्याला नव्हे. चार-पाच किलोमीटरवर एकदा उतरून तो पुन्हा आवळावा, कारण धक्क्यांनी सामान बसते आणि दोर सैल पडतो.

"एवढ्यासाठी दुसरी खेप कोण करणार? डिझेलचा खर्च कोण देणार?" हा आक्षेप खोटा नाही. शिबिराचे अनुदान तुटपुंजे असते, हे सगळेच जाणतात. पण कायद्यालाही वजनाची मर्यादा मान्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि जादा भारासाठी २० हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड ठरला. दुसऱ्या खेपेचे डिझेल त्याहून कितीतरी स्वस्त पडेल. शिवाय गाडीच्या वजनमर्यादेत माणसेही मोजली जातात, हे आपण सोयीने विसरतो.

माझे म्हणणे साधे आहे. सामानाच्या हौद्यात एकही विद्यार्थी बसणार नाही, असा नियम महाविद्यालयाने करावा. गाडी निघण्यापूर्वी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दोन विद्यार्थ्यांसह मागे जाऊन प्रत्येक वस्तू हाताने हलवून पाहावी. जी हलेल ती पुन्हा बांधावी. आणि शिबिरात श्रमदानाबरोबर गाठी मारण्याचा एक तास गावातल्या एखाद्या जाणत्या गाडीवानाकडून घ्यावा. त्या तासाला आपण विद्यार्थी असू आणि तो गुरुजी. सेवा करायला निघालेल्यांनी गावाकडून एवढे शिकून यायला काय हरकत आहे?