दोन कोलनचं रहस्य

मी मूळचा वालचंदनगरचा. दिवाळीला एकत्र गाडी करून जाऊ म्हणून ऑफिसच्या डिरेक्टरी सर्व्हरवर 'एलडॅपसर्च' चालवून गाववाले शोधले, तर निम्मे गायब! गावाचं नाव कुणी डब्ल्यूने लिहिलेलं, कुणी व्हीने, कुणी मध्ये स्पेस सोडून. वैतागून माझ्या एंट्रीत सरळ देवनागरीत भरलं.

दुसऱ्या दिवशी ॲडमिनचा फोन. "अरे, तुझ्या रेकॉर्डमध्ये कचरा आलाय, उडवतोय."

आउटपुट बघून घाबरला होता बिचारा. फील्डच्या नावापुढे एकाऐवजी दोन कोलन आणि मग अगम्य अक्षरं. म्हटलं, थांब बाबा! व्हॅल्यू साध्या आस्कीत नसली की ही कमांड ती बेस-६४ मध्ये छापते, दोन कोलन ही त्याचीच खूण. युटीएफ-८ मध्ये 'व'चे ३ बाइट, बेस-६४ मध्ये ४ अक्षरं. हिशोब चोख. डीकोड केलं, गाव जसंच्या तसं!

एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९७ पासून, युटीएफ-८ चालतं. तरी आपण नावं रोमनमध्ये कोंबतो आणि मग शोधत बसतो. हा निव्वळ आळस आहे, असं माझं स्पष्ट मत. (गाडी अजून ठरलेली नाही, ते असो.)

संध्याकाळी ॲडमिन स्वतःच टेबलाशी आला. "माझ्या आडनावातला 'ळ' भरता येईल का रे?"